तळाचा पत्रा

गाडी छप्पन सालची. घेणारा रजायनाचा दंतवैद्य.
फोनवर म्हणाला, सगळं कारखान्यातून आलं तसं हवं,
आणि क्लचशेजारी कुणा गाढवानं
भोक पाडलंय, तेवढं बुजवून द्या.

बुजवते, म्हटलं.
गाढवाचं नाव सांगितलं नाही.

सस्कॅचवानातला एप्रिल. शेडच्या छपरावरून बर्फ
उशिरा उठलेल्या माणसासारखा
एकेक पाय खाली सोडतोय.
माझा भाचा ड्वेन दिवा धरून उभा.
त्याला घरी जायचंय, हे दिव्यालाही कळतंय.

रबरी चटई उचलली. खाली गव्हाचे दाणे,
एक बटण, उंदराचं रिकामं घर,
आणि ती चौकट: वीतभर लांब, चार बोटं रुंद.
तीन कडा करवतीच्या, चौथी छिन्नीची,
कारण त्या रात्री पातं तुटलं असणार.
बाबा असली कामं रात्रीच काढायचे.
प्रोकोप ह्रित्साक. जीभ जड, हात हलका.

पोलिओच्या साथीत आईचा डावा पाय गेला.
म्हणजे होता जागेवर, पण सांगितलेलं ऐकत नव्हता.
युस्तिना, आता तू घरी बस, हे गावातल्या सगळ्यांनी
वेगवेगळ्या मायाळू शब्दांत सांगून झालं.
बाबांनी काहीच सांगितलं नाही.
मोडक्या नांगराची दांडी आणली, तळ कापला,
दांडी क्लचला जोडली,
आणि किल्ली मिठाच्या बरणीशेजारी ठेवली.

डाव्या हातानं क्लच, उजव्यानं गिअर.
मग स्टिअरिंग?
मध्ये मी बसायचे. सहा वर्षांची.
"हं," आई म्हणायची,
आणि तेवढ्यापुरती अख्खी गाडी,
सायीचे दोन कॅन, बारा डझन अंडी,
माझ्या लोकरी हातमोज्यांत यायची.
"दे," म्हणायची, की गेली.
कॅनोरापर्यंत अठरा मैल, हं आणि दे.
बाकी बोलणं इंजिनानं केलं.

भोकातून उन्हाळ्यात धूळ यायची,
हिवाळ्यात वारा चाकू घेऊन यायचा.
तिथं तिनं बाबांच्या बुटातलं
नमद्याचं अस्तर कोंबलं होतं.
आज कडा घासली तर गंजात तेच अडकलेलं:
करडं, मऊ, बोटभर.
खिशात ठेवलं. दंतवैद्याच्या यादीत ते नाही.

पुठ्ठ्याचं माप काढलं. त्यावरून कोरा पत्रा कापला.
बसवला, काढला, नखाएवढा घासला, पुन्हा बसवला.
मग एक टाका इथे,
दुसरा पार समोरच्या कोपऱ्यात,
आणि थांबायचं, हात लावता येईल इतकं निवेपर्यंत.
सलग ओढलं तर पत्रा रुसतो,
फुगून बसतो, मग त्याची समजूत हातोडीलाही काढता येत नाही.
"अजून किती?" ड्वेन विचारतो.
शिवण शिकताना आईला मी हेच विचारायचे.
तीही उत्तर द्यायची नाही, दात दोऱ्याला लावून.

ग्राइंडर फिरवला. मग पाठीवर सरकत गाडीखाली.
वरून त्यानं दिवा धरला:
सुईच्या टोकाएवढे तीन उजेड.
खडूनं खुणा. तीन टाके.
पुन्हा दिवा.
काळोख.
इतका पक्का काळोख या गाडीत कधीच नव्हता.

रंग वाळल्यावर बाहेर काढली.
ड्वेन मध्ये नाही, खिडकीशी बसला, फोनमध्ये मान घालून.
पहिला गिअर. क्लच पायानं, माझे दोन्ही पाय धड.
दुसऱ्याकडे जाताना डावा हात
स्टिअरिंगवरून सुटला
आणि गुडघ्याशेजारी काहीतरी चाचपू लागला.

"हं," मी म्हणाले.
"काय?" ड्वेन म्हणाला.

गाडी तेवढ्यापुरती कुणाच्याच हातात नव्हती.
रस्ता सरळ होता.
या मुलखात रस्ते सरळच असतात.